टचडाउन झाला, कळवण्यास आनंद होतो

चेंडू अजून क्वार्टरबॅकच्या हातात आहे. तो उजवीकडे बघतोय, डावीकडे बघतोय, समोरून दीडशे किलोची दोन पोरं अंगावर चाल करून येतायत, आमच्या दिवाणखान्यात कुणी श्वास घेत नाही, आणि तेवढ्यात खिशातला फोन थरथरतो. ‘टचडाउन! 24-20.’ हा निरोप धाडणारं ॲप कुठलं? तर टीव्हीवर जे ॲप सामना दाखवतंय, तेच. कंपनी एक, खातं एक, दरमहा ज्यातून पैसे कापले जातात ते कार्डही एक. उत्कंठा विकणारा आणि ती फोडणारा एकच दुकानदार. दोन्हीचे पैसे त्यानं एकाच बिलात लावलेत, एवढा मोठेपणा मात्र मान्य केला पाहिजे.

सूचना बंद करता येतात, असं तरुण मंडळी सांगतात. येतात ना. आधी सेटिंग, मग खातं, मग आवडते संघ, मग त्या संघापुढची बारीक घंटी. ती बंद केली की ॲप नवी आवृत्ती उतरवून घेतं आणि घंटी पुन्हा आपल्या जागी झुलू लागते.

निरोप आणि चित्र यांत फरक असतो साधारण 40 सेकंदांचा. कधी 30, कधी चांगला मिनिटभर. अमेरिकेतला कॉलेज फुटबॉलचा स्ट्रीमिंगवाला चाहता वर्तमानकाळात राहतच नाही. तो भूतकाळात भाड्यानं राहतो आणि भाडं दरवर्षी वाढतं. याचं शास्त्रही मी समजून घेतलं, कारण रागवायचं तर माहिती घेऊन रागवावं. कॅमेऱ्यानं टिपलेलं दृश्य स्टेडियमबाहेर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये जातं, तिथून वाहिनीकडे. मग जाहिरातींच्या जागा ठरतात. मग त्याच दृश्याच्या चांगल्या-वाईट दर्जाच्या अनेक प्रती निघतात, प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पडतात, ते देशभरच्या सर्व्हरांवर जाऊन बसतात आणि आमचा टीव्ही त्यातले तीन-चार गाठीशी बांधल्याशिवाय पहिला तुकडा दाखवत नाही. न जाणो, इंटरनेट अडखळलं तर! उलट स्टेडियममध्ये आकडे नोंदवायला बसलेला माणूस एक बटण दाबतो, की बातमी निघाली. चित्र जड, बातमी हलकी. पटलं. पण ‘ही बातमी मिनिटभर दाबून ठेव’ एवढी एक ओळ लिहिणारा माणूस त्या कंपनीत नसावा? इंजिनिअर तर ढिगानं आहेत, त्यात पुण्या-नागपूरचे आपले लोकही बरेच. लग्न जमवताना वय विचारलं तर दोन वर्षं दाबून ठेवतात ही मंडळी, टचडाउन मिनिटभर दाबता येत नाही.

आमच्या गल्लीत आता सामन्याच्या पंगती बसतात. पहिल्या पंगतीला कोपऱ्यावरचे निवृत्त गृहस्थ. त्यांच्या छतावर अँटेना आहे, हवेतून येतं ते फुकट घेतात, आणि त्यांची आरोळी सगळ्यात आधी उठते. मागोमाग काही सेकंदांत दुसरी पंगत, केबलवाल्यांची. मग आम्ही, तिसऱ्या पंगतीचे लोक. आहेर सगळ्यात भारी आमचा, आणि पानात जिलबी पडेपर्यंत ती कशी झाली होती याची चर्चा बाहेर ओट्यावर संपलेली. इतक्या शनिवारांच्या सरावानं आम्हांला आरोळी वाचता येऊ लागली आहे. लांबलेली आरोळी म्हणजे टचडाउन. तुटक, आणि पाठोपाठ आईबहिणीचा उद्धार, म्हणजे चेंडू हातातून निसटला. नुसतीच शांतता आणि दार आपटल्याचा आवाज, म्हणजे शेवटच्या क्षणी किक खांबाच्या बाहेरून गेली. एवढं ऐकून झाल्यावर आम्ही पडद्याकडे वळतो. आम्ही सामना बघत नाही, पडताळतो.

सप्टेंबरात इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला तर या 40 सेकंदांनी कहर केला. इथले गणपती शनिवारीच येतात, कारण सुट्टी शनिवारीच असते. शाळेचं सभागृह वर्षभर आधी ठरवलेलं असतं. सामन्याची वेळ मात्र बारा दिवस आधी जाहीर होते, कधीकधी सहाच. टीव्हीवाल्यांना ‘पर्याय खुले’ ठेवायचे असतात. गणपतीला पर्याय नसतो. तेव्हा मंडळाची एकांकिका आणि सामन्याचा चौथा क्वार्टर एकाच मुहूर्तावर आले. दिवे मालवलेले, रंगमंचावर बाप मरणशय्येवर, मुलगा गावाहून उशिरा पोचलेला, आणि प्रेक्षागृहात पुरुषांच्या मांड्यांवर ठिकठिकाणी निळसर उजेड. बापानं ‘आलास रे?’ म्हटलं मात्र, तिसऱ्या रांगेत जल्लोष. तिथले दोघे केबल कंपनीचं ॲप वापरतात. मरणाऱ्या बापाचा भाव ढळला नाही, हौशी नट असले तरी आमचे लोक पक्के आहेत. मुलानं पाय धरले. बापानं हात उचलला. सातव्या रांगेत जल्लोष. ही दुसरी कंपनी. मुलाला वाटलं, दाद पाय धरण्याला मिळाली, म्हणून त्यानं ते पुन्हा धरले. आता बाप मरणार, तो डोळे मिटतोय, सनई सुरू झाली, आणि अगदी मागे दाराशी उभी असलेली मंडळी, ज्यांनी सगळ्यात स्वस्त पॅकेज घेतलंय, ती उसळून ‘येस्स!’ म्हणून ओरडली. बाप उठून बसला. मध्यंतरानंतर आरतीला मात्र सगळे एका सुरात होते, कारण सामना तोवर संपला होता. आभाराच्या भाषणात अध्यक्ष म्हणाले की एकांकिकेला असा उत्स्फूर्त प्रतिसाद मंडळाच्या इतिहासात मिळालेला नाही. ते आमचे अध्यक्ष, ते फुटबॉल बघत नाहीत.

सामना चालू असताना पैजेच्या जाहिराती येतात, त्यांची गंमत वेगळीच. 2018 च्या एका निकालानं राज्यांना खेळांवरचा सट्टा कायदेशीर करायची मुभा मिळाली, आणि आता तीसहून जास्त राज्यांत तो राजरोस चालतो. ‘पुढच्या खेळीवर पैसे लावा!’ जी खेळी मला पुढची वाटते ती होऊन गेलेली आहे, तिचा निकाल खिशात थरथरून गेला आहे, कोपऱ्यावरच्या गृहस्थांनी दारसुद्धा आपटलं आहे. कशावर पैसे लावू?

आणि हे सगळं कशासाठी सोसायचं? तर केबल नको म्हणून. केबल कापली तेव्हा काय रुबाब होता आमचा! लोक घरी बोलावून कापलेली वायर दाखवायचे. महिन्याला शंभराच्या वर डॉलर, दोनशे वाहिन्या, त्यातल्या सहा बघायच्या, आणि बिघाड झाला तर तंत्रज्ञ ‘सकाळी आठ ते बारा’च्या दरम्यान येणार म्हणजे एक वाजता येणार. आता हवं तेवढंच घ्या, हवं तेवढ्याचेच पैसे द्या, असं सांगितलं गेलं. आठ-दहा वर्षांपूर्वी इंटरनेटवरची लाइव्ह टीव्हीची पोतडी 35-40 डॉलरला मिळायची. आज तिचे ऐंशीच्या वर पडतात आणि तिच्यात पुन्हा दीडशे वाहिन्या, त्यातल्या त्याच सहा बघायच्या. एवढं करून आपल्या संघाचा तिसऱ्या आठवड्याचा सामना तिच्यात नसतोच, तो एका निराळ्या ॲपवर. सातव्या आठवड्याचा तिसऱ्या ॲपवर. त्याला फोनवरून सहा अक्षरी सांकेतिक शब्द घालावा लागतो, आणि त्यातलं शून्य कुठलं नि ओ कुठला हे कळेपर्यंत पहिला क्वार्टर संपतो. शिवाय वाहिनी आणि पोतडीवाला यांचा करार अनेकदा नेमका हंगाम तोंडावर आला की संपतो. मग सामन्याच्या जागी काळी पाटी. पोतडीवाला म्हणतो, वाहिनीला फोन करून जाब विचारा. वाहिनी म्हणते, पोतडीवाल्याला विचारा. दोघे भांडणार, आणि फोन करायचा ग्राहकानं! केबल कंपनीला शिव्या घालायच्या तर निदान एका नंबरवर घालता यायच्या.

मी हे का सोसतो, तेही सांगतो. माझी मुलगी विद्यापीठाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते. हाफटाइमला शेकडो पोरं मैदानात उतरतात, चालता चालता अक्षरं काढतात, चित्रं काढतात, वाजवणं एका क्षणाला चुकत नाही. त्यासाठी आठवडाभर संध्याकाळी घाम गाळतात. माझी आई ठाण्याला असते. पूर्वेकडच्या घड्याळानं साडेसातचा सामना म्हणजे सप्टेंबरात तिच्याकडे रविवारी पहाटेचे पाच, साडेतीनचा म्हणजे मध्यरात्रीनंतरचा एक. दर सोमवारी ती विचारते, ‘येत्या शनिवारी मी उठू कधी?’ मी म्हणतो, ‘आई, त्यांनी अजून सांगितलं नाही.’ ती म्हणते, ‘कुणी? कॉलेजनं?’ मी म्हणतो, ‘टीव्हीवाल्यांनी.’ यावर ती काही बोलत नाही. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई आहे, वेळापत्रक कुणी ठरवायचं असतं ते तिला माहीत आहे.

मग तो शनिवार येतो. ती चहा घेऊन बसते, मी व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर धरतो. हाफटाइम होतो. बँड रांग धरून मैदानाच्या कडेला आलेला ओझरता दिसतो आणि पडद्यावर येतो एक ट्रक. पिकअप ट्रक, डोंगरावर चढणारा. मग विमा. मग पुन्हा ट्रक, तोच, आता चिखलातून. मग कोट घातलेले चार जण मेजामागे बसून आपण आत्ताच काय बघितलं ते आपल्याला सांगतात. हाफटाइम 20 मिनिटांचा असतो, आणि या 20 मिनिटांत बँडच्या वाट्याला येते एक झलक, तीही वर आकड्यांची पट्टी लावून. आईनं एकदा विचारलं, ‘हिला ट्रकच्या कंपनीत लावलंय का?’

इथे माझी विनोदबुद्धी संपते. कॉलेजच्या नावावर हा सगळा बाजार उभा आहे. 1961 साली कायदा करून व्यावसायिक फुटबॉलला शरद ऋतूतल्या शनिवारच्या टीव्हीपासून लांब ठेवलं, का, तर त्या दिवशी कॉलेजच्या खेळाची गर्दी मोडू नये. त्या शनिवारचं काय केलंत? लाखावर माणसं बसतील अशी सात-आठ स्टेडियमं कॉलेजांनी उभारली आणि त्यात खेळ कधी सुरू व्हावा हे विचारायला वाहिनीच्या दारात उभी राहिली. नोव्हेंबरात लहान कॉलेजांच्या पोरांना मंगळवारी-बुधवारी रात्री थंडीत खेळवतात, कारण कुणाच्या तरी वेळापत्रकात संध्याकाळ रिकामी असते. दुसऱ्या दिवशी त्यांना वर्ग असतो, याची आठवण कुणाला नाही. 2023 साली घड्याळाचे नियम बदलले, खेळ आटोपशीर व्हावा म्हणून. बरं वाटलं. 2024 साली प्रत्येक अर्ध्याच्या शेवटी दोन मिनिटं उरली की खेळ थांबवायचा नवा नियम आला. तो कशासाठी, हे त्या क्षणी टीव्हीवर जे दिसतं त्यावरून समजून घ्या. ट्रक दिसतो. विद्यापीठात कॉलेज म्हणण्यासारखं जे त्या दिवशी मैदानात असतं, फी भरून शिकणारी, पदरचा वेळ घालून वाजवणारी मुलं, नेमकं तेच तेवढं तुम्हांला दाखवण्यासारखं वाटत नाही? 40 सेकंद उशीर झाला तर मी सोसतो. बँडला उशीर होत नाही, तो येतच नाही. तुमच्याकडे तुकडे पाडायला इंजिनिअर आहेत, पैज लावायला खिडकी आहे, दर सामन्याला वेगळं ॲप आहे. एक कॅमेरा मैदानावर तसाच चालू ठेवून त्याचं एक वेगळं बटण देता येत नाही? त्यालाही वरचे पाच डॉलर लावा. माझी आई भरेल.

स्टेडियममध्ये जाऊन बघा, असं कुणी सुचवेल. तिथे बँड दिसतो, पूर्ण दिसतो. बाकी तिथेही मैदानाच्या कडेला लाल टोपी घातलेला एक माणूस असतो. तो आत येऊन उभा राहिला की खेळ थांबतो आणि तो बाहेर गेला की सुरू होतो, कारण तो उभा असतो तोवर घरी आमच्याकडे जाहिराती चालू असतात. तिकीट काढून आलेले लाख लोक ट्रक न बघता ट्रकची जाहिरात संपायची वाट बघतात.

तेव्हा ज्यांना स्ट्रीमिंगचा कंटाळा आलाय आणि केबलकडे परत जायची लाज वाटते, त्यांनी अँटेना घ्यावा. घरात लावायचा साधा अँटेना वीस-तीस डॉलरला मिळतो, महिन्याचं बिल येत नाही, मोठ्या वाहिन्यांवरचे शनिवारचे सामने त्यावर फुकट दिसतात आणि गल्लीत सगळ्यांच्या आधी ओरडता येतं. बँड त्यावरही दिसत नाही.