रांगोळीत सहाचा पाढा

काकू : काय गं सूनबाई, सकाळी सकाळी पोरगं कामून रडायलंय?

सूनबाई : अपूर्णांक, काकू! पाव आणि अर्धा मिळून किती, एवढंच विचारलं. पुस्तकात तोंड खुपसून बसलाय.

काकू : अन् काल दुकानातून पाऊण किलो साखर त्यानंच आणली की! पाव किलोची एक पुडी, अर्ध्याची एक. तवा नाही रडला.

सूनबाई : ते दुकान, ही शाळा.

काकू : तिथंच घोडं अडलंय बघ. आमच्या वेळी पावकी, निमकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ असायचे. पण छडीच्या धाकानं. ती छडी नको बाई परत. त्यापेक्षा माळ्यावरचं मापटं काढ. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ज्वारी मोजू दे त्याला. शेरात चिपटी चार, म्हंजे एक चिपटं शेराचा पाव हिस्सा. पायलीत किती ते त्यानंच सांगावं.

सूनबाई : सोळा! पण काकू, मण कुठं बारा पायल्यांचा, कुठं सोळांचा म्हणतात.

काकू : मग हेच पोरांना विचारावं. दोन गावांचे मण निराळे असले तर बाजारात भांडण होणार का नाही? १९५८ पासून किलोची मापं कामून आली, ते आपोआप कळंल.

सूनबाई : २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणातही परिसरातून शिकवा असं सांगितलंय. पण पुष्कळदा संस्कृती म्हणजे फेटे बांधायचे आणि फोटो काढायचे, एवढंच होतं.

काकू : फेटा बांधा, पण आधी त्याची लांबी मोजा! बरं, तू रोज रांगोळी घालतीस. ५ ते ३ च्या रांगोळीत ठिपके किती?

सूनबाई : मधे ५, वर ४ नि ३, खाली ४ नि ३... १९.

काकू : ३ ते २ चे?

सूनबाई : ७. आणि ७ ते ४ चे ३७.

काकू : आता मांड ओळीनं, एकट्या ठिपक्यापासून. १, ७, १९, ३७. मधले फरक बघ.

सूनबाई : ६, १२, १८... अगं बाई, सहाचा पाढा! म्हणजे ९ ते ५ ला ३७ अधिक २४, ६१!

काकू : आता ठिपके घालून पडताळ. नुसतं माझ्यावर विसंबू नकोस.

सूनबाई : भास्कराचार्यांनीही ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त भुंग्यांची, हंसांची गणितं घातली होती ना?

काकू : मग आपल्या पोरांना गोदावरी घ्या की! तिच्यावरच्या नाथसागर धरणाला दरवाजे २७. त्यातले १८ नेहमीचे, ९ आपत्कालीन. १८ उघडले तर एकूण दरवाजांचा किती हिस्सा उघडला?

सूनबाई : दोन तृतीयांश. पाणी सोडलं म्हटलं की पोरं पुलाकडं पळतात. हे गणित तर चुटकीसरशी सोडवतील.

काकू : तर मग उद्या शाळेत मॅडमला सांग. गृहपाठात एक गणित घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून आणायला लावा. मात्र उत्तर आजीनं सांगायचं नाही. पोरानं मोजून आणायचं.