अथेन्स राहू द्या, तेर बघितलंत का?

"बाई, उतरलं बरं का विमान," भिंतीपलीकडून आक्कांनी वर्दी दिली.

मोडनिंबात कुठलीही बातमी पेपरात यायच्या आधी आमच्या या कंबरेएवढ्या भिंतीवर येते. आक्का पलीकडं शेंगा फोडत बसलेल्या असतात, मी अलीकडं कपडे वाळत घालत असते, आणि मधे गल्लीचा कारभार चालतो. विमान म्हणजे तिसऱ्या घरच्या बंगलेवाल्या. लेकानं आई-वडिलांना ग्रीस दाखवून आणलं. ते तिकडं हिंडत होते तेव्हाच ग्रीस गल्लीतल्या प्रत्येकीच्या मोबाईलवर येऊन पडलं होतं. पांढऱ्या भिंती, निळा घुमट, खाली निळा समुद्र आणि मधोमध डाळिंबी रंगाची पैठणी नेसून बंगलेवाल्या.

"मला तेलाची बाटली दिली. म्हनली, ऑलिव्हचं हाय, कच्चंच खायाचं."

"मग? खाल्लंत का?"

"शेंगाच्या चटनीवर वतून बगितलं. घाण्याच्या तेलाची सर न्हाय, पन फुकाट आलंय, टाकायचं कशापायी? तुमाला काय दिलं?"

"काचेचा निळा डोळा. दारावर लावायचा. नजर लागत नाही म्हणे."

"घ्या! म्हंजी नजर तिकडं बी लागती व्हय?" आक्कांना एकदम ग्रीसबद्दल आपुलकी वाटायला लागली. "मी म्हनलं, गोऱ्या लोकांचं सगळं येगळंच असतंय."

मग रीतसर चौकशी सुरू झाली. गेले, फिरले, पण बघितलं काय? बंगलेवाल्यांकडून आक्कांना इतकंच कळलं होतं, की तिकडं "नुसते खांब" आहेत आणि त्या खांबांना तिकीट आहे.

"त्या खांबांना पार्थेनॉन म्हणतात, आक्का. अथेना देवीचं देऊळ. इसवी सनापूर्वी ४४७ मध्ये बांधायला घेतलं आणि पंधरा वर्षांत पुरं केलं. अख्खं संगमरवरी. टेकडीवर जायचं तिकीटच ३० युरो, म्हणजे तीन हजारांच्या घरात."

"मानसी?"

"माणशी."

"तीन हजारात आमी चौघी तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर करून येतो, जेवनखान धरून. बरं, त्या देवळावर छत का न्हाय?"

"होतं की. १६८७ मध्ये व्हेनिसच्या फौजेनं तोफा डागल्या. तुर्कांनी देवळात दारू साठवली होती..."

"देवळात दारू?"

"तोफेची दारू, आक्का. गोळा पडला आणि मधला सगळा भाग उडाला. पुढं लॉर्ड एल्गिन नावाच्या ब्रिटिशानं उरलेल्यातल्या बऱ्याचशा मूर्ती उतरवून लंडनला नेल्या. त्या तिथल्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ग्रीस कधीचं परत मागतंय."

"मागू दे मागतंय तर. इंग्रजानं कुनाचं काय परत दिलंय?"

बंगलेवाल्यांचा मुलगा सांगत होता, १९७५ पासून त्या टेकडीवर डागडुजी चालू आहे, अजून उरकलेली नाही. यावर आक्का म्हणाल्या, "म्हंजी आपल्या हायवेच्या ठेकेदाराला उगंच शिव्या देतो आपन." हायवे आमच्या गावाच्या उशाशी आहे, त्यामुळं सोलापूर-पुणे रस्त्याचा विषय कशातूनही निघतो.

मग बेटांवर आलो. सँटोरिनी हे उद्ध्वस्त झालेल्या ज्वालामुखीचं काठावर उरलेलं कडं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी त्याचा असा स्फोट झाला की बेटाचा मधला भाग समुद्रात खचला. बंगलेवाल्यांनी जिथं पैठणीचा फोटो काढला ते त्या खड्ड्याच्या ओठावरचं गाव. हे सांगितल्यावर आक्कांनी फोटो पुन्हा उघडून बघितला आणि "सांगितलं असतं तर ती तितं उभी ऱ्हायली नसती," असं मत दिलं.

पण आक्कांना खरं खिळवलं ते डेलोसनं. हे अपोलो देवाचं जन्मस्थान. इसवी सनापूर्वी ४२६ मध्ये अथेन्सवाल्यांनी फर्मान काढलं की या बेटावर यापुढं कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही. होती ती थडगीही उकरून शेजारच्या बेटावर हलवली. बाईचे दिवस भरत आले की तिला होडीत घालून तिकडं न्यायचं, म्हाताऱ्यालाही घरघर लागायच्या आत तिकडंच.

आक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आन होडीतच झाली म्हंजी?"

"ते लिहिलेलं नाही."

"ल्ह्यायला बाप्येच असनार. न्हाय ल्ह्यायचे ते." जरा थांबून म्हणाल्या, "सोवळं-ववळं आपल्यातच हाय म्हनत्यात, हितं तर बेटच सोवळ्यात!"

एवढं झाल्यावर मी मुद्द्याला हात घातला. मला सकाळपासून तेच सांगायचं होतं, पण भिंतीवर थेट मुद्द्यावर आलं की माणूस शिष्ट ठरतो.

"आक्का, तुम्ही तेरला किती वेळा गेला असाल?"

"गोरोबाकाकांच्या? लई खेपा. बार्शीवरनं जायचं, समाधीला डोकं टेकायचं, तेरणेत पाय धुवायचे, मागारी."

"या ग्रीकांना तुमचं तेर ठाऊक होतं."

आक्कांनी माझ्याकडं, बाईंचं आज काहीतरी बिनसलंय, अशा नजरेनं बघितलं. मी सांगत गेले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणारा एक व्यापारी होता. राज्य रोमचं, पण लिहायचा-बोलायचा ग्रीक. नाव मागं उरलं नाही, पुस्तक उरलं: एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, काय घ्यावं, कुठं गाळात गलबत रुततं, असा तो धंद्याचा हिशेबी मजकूर आहे. त्यात कल्याण आहे, चौल आहे, पैठण आहे आणि तगर नावाचं "फार मोठं शहर" आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. हे तगर म्हणजे आपलं तेर, असं फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं १९०१ मध्ये मांडलं, पुढं खणल्यावर जमिनीनंही साक्ष दिली.

"भडोच कुटं, तेर कुटं! कशानं जायचं?"

"बैलगाड्यांनी. रस्ता म्हणावा असा रस्ताही नाही, असं त्यानंच लिहिलंय. महिनाभर गाड्या चालायच्या. पैठणहून अकीकासारखे दगड भरायचे आणि तेरहून कापड. साधं जाडंभरडं तर ढिगानं, शिवाय नाना तऱ्हेची मलमल. भडोचला ते गलबतात चढायचं. गलबतं इजिप्तहून जुलैत सुटायची, म्हणजे आपल्या आषाढीच्या आसपास. मागून मोसमी वारा."

"आन येताना रिकामी येत न्हवती न्हवं?"

हा प्रश्न आक्काच विचारणार. व्यापाऱ्याच्या घरात लेक दिलेली आहे. रिकामी गाडी त्यांना सहन होत नाही.

"तांबं, कथील, शिसं, पोवळी. इटलीची दारू, तिला जास्त मागणी."

"ही प्यायची न्हवं?"

"ही प्यायची. ती ज्यातून यायची त्या निमुळत्या बुडाच्या उंच रांजणांची खापरं तेरमध्ये सापडलीत. आणि राजासाठी वेगळा आहेर: चांदीची भांडी, उंची दारू, अत्तरं, गाणारी पोरं आणि जनानखान्यासाठी देखण्या पोरी."

"मुडदा बशिवला त्येंचा," आक्का म्हणाल्या. हा शेरा राजाला होता की व्यापाऱ्याला, हे मी विचारलं नाही. "आन ही खापरं ठिवलीत कुटं?"

"तेरलाच, म्युझियममध्ये. रामलिंगप्पा लामतुरे म्हणून तेरचेच एक गृहस्थ होते. पांढरीत नांगराला काय लागेल, पावसानं काय उघडं पडेल, ते आयुष्यभर गोळा करत राहिले. हजारो वस्तू. शंखाच्या बांगड्या, मणी, मातीच्या मूर्ती, दिवे, सातवाहनांची नाणी. आता सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, त्यांच्याच नावाचं. आणि तिथं एक हस्तिदंती बाई आहे."

"बाई?"

"एवढीशी. तिच्यासारखीच एक बाई पार इटलीत, पाँपेईत निघाली १९३८ मध्ये. ते गाव इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, म्हणजे ती त्याआधी तिथं पोचलेली. अंगावर कपडा नावाला नाही, पण दागिने बघा: गळ्यात हार, कमरेला मेखला, मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या आणि पायात घोट्यापासून वर चढत गेलेली वाळ्यांची चळत. दोन्ही बाजूंना दोन चिमुकल्या दासी, प्रसाधनाचं सामान धरून उभ्या. डोक्यात वरून भोक आहे. आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या चौरंगाचा पाय. तेर आणि भोकरदनला सापडलेल्या बायांशी तिचं इतकं साम्य आहे, की ती आपल्याकडूनच गेली असावी असं पुष्कळ अभ्यासक मानतात."

मोबाईलवर फोटो काढून मी भिंतीवरून दिला. आक्कांनी चष्मा चढवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आधी पाय बघितले.

"इतकी वाळी घालून ही चालत कशी असंल? ह्या दासी हायेत म्हनून बरं. आन बाई, ही इमानाबिगर गेली बगा! पासपोर्ट न्हाय, टूरवाला न्हाय."

"कोल्हापूरचं ऐका. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ब्राँझचा पोसायडन निघाला. ग्रीकांचा समुद्रदेव. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये उभा आहे."

"समिंदराचा देव पंचगंगेला? तांबडा-पांढरा खायाला आला असंल."

मी म्हटलं, नुसते देव आले नाहीत, माणसंही आली आणि राहिली. जुन्नरच्या लेण्यांमध्ये इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीकानं, पाण्याची दोन टाकी खोदून दिल्याचा लेख आहे. चित नावाच्या दुसऱ्या यवनानं भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. कार्ल्याच्या चैत्यात तर कितीतरी खांबांवर यवनांची नावं आहेत, हा खांब अमक्याचं दान म्हणून.

"टाकी, जेवायची खोली, खांब," आक्कांनी बोटं मोजली. "आन प्रत्येकावर नाव. पंढरपूरच्या धर्मशाळेत शिकली असनार ही मानसं."

आता आक्काच पेटल्या होत्या. "बाई, बेटाचं म्हनाल तर बेट आपल्याला बी हाय. उजनीत पळसदेवाचं देऊळ न्हाय का? धरान भरलं की पान्यात, उन्हाळा कडक पडला की वर. दुस्काळात आमी होडीतनं गेलो व्हतो. शिखराला शेवाळ, पायऱ्यांवर गाळ, आन माजी आत्या त्या गाळात उभी ऱ्हाऊन दावत व्हती, हितं आमची चावडी, हितं पार. तिचं घर त्यातच गेलं. त्या डेलोसात मरायची बंदी हुती म्हनं. हितं तर जगायचीच बंदी झाली. ऐंशी सालापास्नं."

यावर मला काही बोलता आलं नाही. उजनीचं पाणी आमच्या उसाला आहे, आणि साखर आमच्या घरात आहे.

आक्कांनीच विषय तेरवर परत आणला. "त्या तिविक्रमाच्या देवळात मी पाया पडून आलीय. म्हातारं देऊळ हाय ते."

"दीड हजार वर्षांचं तरी असेल. आधी बौद्धांचं चैत्यगृह होतं ते, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. सगळं विटांचं. अशी विटांची चैत्यं देशात बोटांवर मोजण्याइतकी उभी आहेत. पार्थेनॉनला छत नाही, देवी नाही. हे अजून छतासकट उभं आहे, आत पूजा चालू आहे, आणि तिकीट नाही. तेरच्या जुन्या विटा तर पाण्यावर तरंगतात."

"मग बोंब का न्हाय मारली कुनी? बंगलेवालीला कळलं असतं तर आदी तितं फोटू काढला असता तिनं."

"तिला लांब जाऊन बघायचं असतं, आक्का. जवळचं बघायला जाणं म्हणजे जाणं नव्हे, असं आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असतं."

आक्का थोडा वेळ गप्प बसल्या. गप्प म्हणजे शेंगा फोडणं चालू, बोलणं बंद.

"आता कसं हाय बगा," शेवटी त्या म्हणाल्या, "आपलं अरण हाकेवर. सगळी दुनया पंढरीला जाती. सावता म्हाराज गेलं न्हाईत, मळा सोडला न्हाई. तर पांडुरंगच आला. आजबी दरसाल पंढरपूरची पालखी अरणला येती का न्हाई? तसं तेरचं झालं म्हना. तेर कुटं गेलं न्हाई. इनत बसलं, मडकी भाजत बसलं, आन ग्रीस आषाढात निघून महिना महिना बैलगाडीत हाडं मोडून घेत त्येच्या दारात आलं. मग आपन तीन हजाराचं तिकीट काढून त्येंच्या दारात जातो, त्यात मोठेपना कसला? ही तर परतभेट झाली."

शाळेत मी पेरिप्लस शिकवला तेव्हा मला हे सुचलं नव्हतं.

"मग बंगलेवाल्यांचं चुकलं म्हणता?"

"चुकलं कशाला? जावं मानसानं. पैसा हाय, लेक नेतोय, गुडगं चालत्यात, जावं! त्येंच्या व्यापाऱ्यांनी कापडासाटी एवढी वाट तुडवली, तर हिनं पैठनी नेसून जायाला काय हरकत हाय? उलट बरोबर केलं. माल नेऊन दाखवला." मग आवाज खाली घेऊन, भिंतीवर झुकून, "पन तितल्या हाटेलातला टॉवेल सोलापूरचा हुता का, ते बगायचं हुतं तिनं. इचारते मी तिला."

एवढ्यात तिकडून बंगलेवाल्यांचं फाटक वाजलं. आक्कांनी ताबडतोब आवाज चढवला. "या, या! तुमचंच चाललं हुतं, चांगलंच चाललं हुतं. येत्या आयतवारी तेरला चाललोय आमी, गाडी तुमची, डबा आमचा. ग्रीसचं लोक आलं हुतं त्या गावाला. बाई सांगत्यात."

बंगलेवाल्यांनी पर्स सावरत विचारलं, "तिथं बघायला काय आहे?"

"एक बाई हाय," आक्का म्हणाल्या, "तुमच्यापरीस जादा दागिनं घातलेली."

बंगलेवाल्या येणार आहेत. पेट्रोल कुणाचं, यावर भिंतीवर अजून दोन बैठका होतील.