उमरग्याचं देऊळ, एफ १.४ वर

उमरग्यात चालुक्य शैलीतलं, कोरीव दगडांचं महादेवाचं देऊळ आहे. प्री-वेडिंगवाले जोडप्याला अशा देवळापुढे उभं करतात आणि लेन्स एफ १.४ पर्यंत सताड उघडून मागचं अख्खं देऊळ धूसर करून पुसून टाकतात. शतकानुशतकं ऊन-पाऊस आणि १९९३ चा भूकंपही सोसलेलं शिल्प एका भिंगापुढे हात टेकतं.

धूसर तर फिल्मवरही व्हायचं. पण निगेटिव्ह फिल्म झगझगीत उजेडाला हळूहळू मावळू देते, आणि तिचा ग्रेन धूसर भागातही जिवंत राहतो. डिजिटल सेन्सर भरला की भरला. मागच्या माळेतल्या प्रत्येक दिव्याची सपाट पांढरी टिकली होते. त्यातून सेन्सरच्या बारीक खळग्यांत तिरपे किरण नीट उतरत नाहीत. म्हणजे एफ १.२ साठी मोजलेल्या पैशांतला थोडा उजेड वाटेतच गळतो, आणि काही कॅमेरे गुपचूप आयएसओ वाढवून हिशेब जुळवतात. (रस्त्यांच्या कंत्राटदारांना हे तंत्र नवं नाही.) मोबाइलला तर मोठं भिंगही नको, तो अंदाजानेच धूसर करतो, त्यात कधी फेट्याचा तुराही जातो.

रोलच्या काळात लग्नाचे फोटो फ्लॅश लावून, लेन्सचं छिद्र बारीक करून एफ ८ वर निघत. रोलमध्ये फोटो ३६, आणि आत्याबाई अस्पष्ट आल्या तर फोटोग्राफरची खैर नसे. आता त्याच आत्याबाई मांडवात विरघळवण्याचे जादा पैसे लागतात. त्यांचा आहेर मात्र स्पष्ट हवा असतो, पाकिटावरच्या नावासकट.