शालेय ग्रंथालयाच्या कुलपास अनावृत पत्र

मुक्काम बेळगोळ, म्हैसूरनजीक

श्री. कुलूपराव यांस,

आपल्या कारकिर्दीत एकही पुस्तक गहाळ झाले नाही, याबद्दल अभिनंदन. एकही वाचले गेले नाही; पण तपासणीच्या तक्त्यात तसा रकानाच नसतो. पुस्तके वापरासाठी असतात, असा ग्रंथालयशास्त्राचा पहिलाच नियम १९३१ साली मांडून रंगनाथनांनी आपला अपमान केला. आपण गंजलात, पण हटला नाहीत. इथून जवळच म्हैसुरात मात्र आपल्या घराण्याला आधीच बट्टा लागला होता. तिथल्या प्राच्य ग्रंथालयाचे ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांच्या हाती तंजावरकडच्या एका पंडिताने दिलेली पोथी आली. क्रमांक टाकून ती कपाटात ठेवणे एवढे सोपे काम त्यांना जमले नाही. ती त्यांनी वाचली, दंडी, बाण या जुन्या संस्कृत लेखकांच्या उल्लेखांशी ताडून पाहिली आणि १९०९ साली कौटिल्याचे अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केले. हे कुणाचे, कुठून आले, पुरे आहे का, ही ग्रंथपालाची खोड. ती मुलांना लागली तर आपले कसे व्हायचे?

हीच खोड मोबाइलवरच्या मजकुराला लावली की हल्ली तिला डिजिटल नागरिकत्व असे भारदस्त नाव मिळते. २०१८ साली मूल पळवतानाची एक चित्रफीत मोबाइलवरून देशभर फिरली. मुळात ती कराचीतल्या बालसुरक्षेच्या प्रचाराची होती; मूल परत आणून सोडतात तो शेवट कुणीतरी कापला होता. शेवटचे पान फाटलेले पुस्तक ग्रंथपाल हातात घेताच ओळखतो. इथे कुणी शेवट मागितलाच नाही. अफवांच्या त्याच लाटेत १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यानंतर दोन आठवड्यांत बिदर जिल्ह्यात, मुलांना चॉकलेट वाटणाऱ्या पाहुण्यांपैकी एकाचा तसाच जीव गेला.

मारणारे शाळकरी नव्हते, असे आपण म्हणाल. बरोबर, शाळा सुटल्यावर मोबाइल हाती आलेली ती माणसे. आजची मुले शाळेत असतानाच तो हाताळतात, म्हणून तर ग्रंथपालाने त्यांना ही खोड लावायची संधी आहे. संगणकाचे शिक्षक आहेतच की, हा दुसरा आक्षेप. ते यंत्र चालवायला शिकवतात. आलेल्या मजकुराचे कूळ विचारायला वेळापत्रकात तास कुठे आहे? ग्रंथपालासाठी पैसे नाहीत, हा आक्षेप त्यातल्या त्यात प्रामाणिक. महाराष्ट्रात तर अर्धवेळ ग्रंथपाल असे पदच निर्माण झाले, जणू मुले अर्धीच वाचतात. पण जिथे ग्रंथपाल नेमलेला आहे, तिथेही त्याला अनेकदा रिकाम्या तासाला वर्ग सांभाळायला धाडतात. तोच तास त्याच्या नावे, त्याच्या विषयासाठी लावायला नवा पैसा लागत नाही. पुस्तके चार हरवतील, दोन फाटतील. त्यासाठी नोंदवहीत रकाना आहे. तेव्हा आठवड्यातून एक तास आपण रजा घ्यावी, ही विनंती. कळावे.