पडून राहिल्याची कैफियत

नागपूर शहरात शून्य हा आकडा शून्य मैलाच्या दगडापाशी जेवढा ठळकपणे भेटतो, तेवढा तो उष्णतामापकावर कधीच भेटत नाही. २०१३ सालच्या २३ मे रोजी येथील पारा ४७.९ अंशांवर जाऊन बसला होता. आणि २०१८ च्या डिसेंबरात, २९ तारखेला, तोच पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला, तेव्हा आम्ही नागपूरकरांनी ट्रंकेतल्या शाली काढून, शेकोटीभोवती बसून, त्या एका घटनेची चर्चा पुढे दोन हिवाळे पुरवून खाल्ली. परंतु पाणी गोठण्यास लागणारा तो शेवटचा साडेतीन अंशांचा हप्ता निसर्गाने आमच्या खाती आजतागायत जमा केलेला नाही. अशा या शहरात बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात घोळून, तरटात गुंडाळून रसवंतीच्या दारात उतरवला जाणारा आणि गोळेवाल्याच्या रंध्यावर किसला जाणारा एक नाशवंत माल होय. त्यावर उभे राहावे, इतकेच नव्हे तर त्यावर उभे राहून हातातील काठीने एक रबरी चकती हाकावी, ही कल्पना ज्याच्या डोक्यात येईल त्याला ऊन लागले असे समजून घरातील वडीलधारी माणसे त्याच्या खिशात कांदा ठेवतील आणि त्याला कैरीचे पन्हे पाजतील. माझ्या डोक्यात ती कल्पना वयाच्या ५३ व्या वर्षी आली आणि तीही ऐन डिसेंबरात, त्यामुळे उन्हावर दोष ढकलण्याची सोयही उरली नाही.

या प्रकरणाची मूळ मिसल टोरांटोत आहे. तेथे माझा भाचा, दोन मुलांचा बाप आणि एका बँकेचा इमानी नोकर, चाळिशी उलटल्यावर आइस हॉकी शिकू लागला. दिवसाच्या सोयीच्या वेळा शाळकरी पोरांकडे गहाण पडलेल्या असल्यामुळे प्रौढ नवशिक्यांच्या वाट्याला रिंक येतो तो रात्री दहा-अकरानंतर. "लग्नाआधी कधी उशिरा घरी आला नाही रे तो," अशी तक्रार ताईने माझ्याकडे दाखल केली, आणि मामा या नात्याने मी त्याचा जबाब घेण्यासाठी फोन केला. चौकशी करणारानेच आरोपीला सामील व्हावे, असे आमच्या खात्यात क्वचित घडते. येथे ते अर्ध्या तासात घडले. त्याने मला सांगितले, की आज ओळखला जातो त्या रूपातला हा खेळ ३ मार्च १८७५ रोजी माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकवर छपराखाली प्रथम खेळला गेला. की दर बाजूस सहा गडी असतात आणि २० मिनिटांचे तीन डाव होतात. की 'पक' नावाची ती चकती ७.६ सेंटिमीटर व्यासाची, अडीच सेंटिमीटर जाडीची असून वजनाने १७० ग्रॅमच्या पुढे जात नाही, आणि ती उसळू नये म्हणून खेळाआधी तिला गोठवून ठेवतात. हे सर्व मी लेखापरीक्षकाच्या थंडपणाने ऐकून घेतले. परंतु किरकोळ अपराधास या खेळात कोणती सजा आहे असे मी सवयीने विचारले, आणि "दोन मिनिटं बाजूला बसून राहायचं, मामा," असे उत्तर आले, तेव्हा मात्र माझे मन चळले. ज्या कृत्यासाठी सरकारने मला ३० वर्षे पगार दिला, त्याला जेथे सजा म्हणतात, तो खेळ एकदा पाहिलाच पाहिजे असे मला वाटले.

आता बर्फ कोठून आणावा? हिंदुस्थानात तो नाही असे नाही. सिमल्याचा उघड्या आकाशाखालचा रिंक १९२० पासून चालू आहे; लेहला कार्झूच्या गोठलेल्या तळ्यावर पोरे हिवाळाभर हॉकी खेळतात; आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या दप्तरी आपल्या देशाचे नाव १९८९ पासून दाखल आहे; आणि २०२५ साली आपल्या मुलींच्या संघाने, ज्यात बहुतेक मुली लडाख-स्पितीकडच्या, आशिया चषकाचे कांस्यपदक जिंकले ते तर अमिरातीतल्या अल ऐन या वाळवंटी गावी. वाळवंटात बर्फ थापता येतो तर आमच्या शहराने काय पाप केले आहे, असा एक खलिता मी मनातल्या मनात महापालिकेस लिहिला. पण दरवर्षी मे महिन्यात कुलरच्या पाण्याचीच जेथे ओढाताण, तेथे तो मनातच तहकूब केला. त्यावर भाच्याने तोड सुचवली. एका ओळीत चाके असलेले ते 'इनलाइन' स्केट्स ज्या अमेरिकन तरुणाने १९८० च्या सुमारास मिनिआपोलिसकडे चालीस लावले, तो स्वतः हॉकीपटू होता, आणि बर्फ वितळल्यावर उन्हाळ्यातही सराव मोडू नये एवढाच त्याचा हेतू होता. म्हणजे हे साधन मुळात उन्हाळ्यासाठीच घडवलेले! ज्या शहरात फक्त उन्हाळा ही जिन्नस मुबलक आहे, तेथील रहिवाशाला याहून स्पष्ट निमंत्रण विधात्यानेही दिले नसते.

पायांना चाके बांधण्याचा उद्योग इतका निर्धोक नाही, हे इतिहासावरून मला कळायला हवे होते. १७६० नंतरच्या दशकात जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक बेल्जियन कारागीर लंडनच्या एका मेजवानीत स्वतः बनवलेली चाके पायांत चढवून आणि हाताने व्हायोलिन वाजवीत मोठ्या दिमाखात शिरला. थांबण्याची वा वळण्याची कोणतीच तजवीज त्याने केलेली नसल्यामुळे तो सरळ एका फार किमती आरशावर जाऊन आदळला, आणि आरसा, व्हायोलिन व मर्लिन या तिघांचीही मोडतोड झाली. मला व्हायोलिन वाजवता येत नाही, एवढीच काय ती माझ्या बाजूची जमा होती.

पश्चिम नागपुरात सिमेंटच्या एका रिंकवर सकाळी सहा वाजता मुलांचा वर्ग भरतो. तेथे मी रीतसर अर्ज केला. अर्जाच्या नमुन्यात विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, शाळा, इयत्ता आणि शेवटी पालकाची सही असे रकाने होते; आणि नमुन्यातला रकाना कोरा सोडणे हे माझ्या धर्मात बसत नसल्यामुळे मी तो कागद आमच्या मंडळींपुढे ठेवला. तिचे माहेर पुण्याचे, त्यामुळे दस्तऐवज पूर्ण वाचल्याखेरीज ती सही करीत नाही. "सदर पाल्य पडल्यास संस्था जबाबदार राहणार नाही," हे कलम तिने दोनदा वाचले, चष्म्यावरून माझ्याकडे एकवार पाहिले, आणि "पाल्य" या शब्दाखाली बारीक रेघ ओढून सही ठोकली.

पहिल्या दिवशी बाकावर बसून मी ते जोडे चढवले. नाड्या आवळल्या, वरचा पट्टा दातेरी खाचेत 'कर्र' करून बसवला, गुडघ्यांना आणि कोपरांना कवचे बांधली, आणि उजव्या पायाचे चाक सहज बोटाने फिरवून पाहिले; ते बेअरिंगवर कितीतरी वेळ निःशब्द फिरतच राहिले. एवढ्या क्षुल्लक प्रेरणेने जी वस्तू इतका वेळ थांबत नाही, तिच्यावर ७८ किलोंचा एक राजपत्रित अधिकारी ठेवल्यास काय होईल, हा त्रैराशिकाचा प्रश्न मी त्याच वेळी सोडवायला हवा होता. मी उठलो. मी उठलो हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असले, तरी वस्तुस्थितीच्या दृष्टीने ते अर्धेच आहे, कारण त्याच श्वासात मी खाली आलो होतो, आणि समोर सात वर्षांचा एक चिमुरडा, हात मागे बांधून, एका पायावर गिरकी घेऊन थांबत, अत्यंत अदबीने विचारीत होता, "काका, पडून राह्यले काय जी?"

येथे थोडा खुलासा केला पाहिजे. आमच्या नागपुरी बोलीत 'जेवून राह्यले' म्हणजे सध्या जेवत आहेत आणि 'पडून राह्यले' म्हणजे पडण्याची क्रिया या क्षणी चालू आहे. पुणेरी मराठीत मात्र 'पडून राहिले' म्हणजे जे पडले ते पडलेच, उठायचे नाव नाही. पालकांच्या बाकावर बसलेल्या माझ्या पालकांनी तो प्रश्न पुणेरी अर्थाने ऐकला आणि तेथूनच "हो" असे उत्तर दिले. पुढील तीन महिन्यांत दोन्ही अर्थ माझ्याकडून इतक्या वेळा सिद्ध झाले, की विदर्भ आणि पुणे यांच्यातील निदान एक जुना भाषिक वाद माझ्या देहावर मिटला, असे म्हणावयास हरकत नाही.

आमचे शिक्षक वयाने २२ वर्षांचे, आणि त्यांचा उपदेश एका वाक्यात मावणारा होता: "काका, गुडघे वाकवा नं." पुढे झुका, बूड खाली न्या, नजर समोर ठेवा, आणि पडणारच असाल तर मागे नव्हे, पुढे पडा, पडताना बोटे मिटून घ्या, नाहीतर मागून येणाऱ्याचे चाक त्यांच्यावरून जाईल, उठताना आधी एक गुडघा टेका, दुसरा पाय उभा करा, मग दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबून वर या. हे सारे सात वर्षांच्या पोरांना एका आठवड्यात जमले. मला जमेना, आणि का जमेना याची चौकशी मीच माझ्यावर बसवली, तेव्हा असे निष्पन्न झाले की दोष गुडघ्यांत नसून संस्कारांत होता. लहानपणी वडिलांनी ताठ बस म्हणून सांगितले, शाळेत कवायतीच्या मास्तरांनी ताठ उभे केले, नोकरीत वरिष्ठांपुढे वाकू नये म्हणून ताठ राहिलो, आणि कनिष्ठांनी वाकावे म्हणून अधिकच ताठ झालो. असा ५३ वर्षे काळजीपूर्वक जपलेला कणा घेऊन मी चाकांवर उभा राहिलो, की चाके एका झटक्यात त्याची बाकी शून्य करून दाखवीत. आमच्या रामटेकशी ज्याचे नाव परंपरेने जोडतात त्या कालिदासाने रघुवंशात, सुह्म देशाच्या लोकांनी वेतासारखे वाकून रघूच्या लोंढ्यातून जीव वाचवल्याचे वर्णन केले आहे. ती वैतसी वृत्ती मी कॉलेजात टीकेसह पाठ केली होती आणि तीवर चांगले गुणही मिळवले होते. परंतु ती गुडघ्यात असते, हे मला टीकाकारांपैकी कोणीच सांगितले नव्हते.

रात्री घरी फ्रिजच्या साच्यातले खडे पंचात बांधून मी गुडघ्यावर धरीत असे. आइस हॉकीतला आइस माझ्या वाट्याला आला तो एवढाच. तिकडे माणूस बर्फावर असतो, इकडे बर्फ माणसावर. त्या वेळी आमच्या मंडळी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब टिपून ठेवीत, आणि त्याच चौकटीत, त्याच पेन्सिलीने, माझाही. 'दूध १ लि., पडले ११.' 'दूध दीड लि., पडले ९.' महिनाअखेर दुधाची बेरीज होई तेव्हा माझीही होई, आणि दूधवाल्याच्या आकड्यात तफावत निघाली तरी माझ्या आकड्यात कधी निघत नसे.

मार्चात, उन्हे तापण्यापूर्वी, मुलांनी आपसांत सामना ठरवला, आणि एका बाजूस गडी कमी पडल्यामुळे माझी भरती झाली. मला जागा दिली ती पाठीमागे, जेथे माझ्याकडून खेळाचे कमीत कमी नुकसान होईल. दहाव्या मिनिटाला चकती माझ्याकडे आली. मी गुडघे वाकवले, झुकलो, काठी टेकवली, सर्व काही विधिवत केले, आणि तेवढ्याच विधिवत चकतीवर पालथा पडलो. चकती पोटाखाली गेली, चार काठ्या मला चहूबाजूंनी टोचून पाहू लागल्या, आणि शिट्टी झाली. गोलरक्षकाखेरीज इतर कोणी मुद्दाम चकतीवर पडून खेळ अडवला तर त्याला दोन मिनिटांची सजा, असा नियम आहे. सारा खटला 'मुद्दाम' या एका शब्दावर येऊन ठेपला.

"काका, मुद्दाम पडले का तुम्ही?" शिक्षकांनी विचारले.

माझ्या बचावासाठी तोच चिमुरडा पुढे आला. "नाही जी सर," तो कळवळून म्हणाला, "काका काहून मुद्दाम पडतीन? काका तं रोजच पडून राह्यले!"

वकील प्रामाणिक होता आणि युक्तिवाद बिनतोड होता. निर्दोष सुटका माझ्या हातात होती. पण त्या सुटकेची किंमत मला नीट दिसत होती. मी एक गुडघा टेकला, दुसरा पाय उभा केला, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबून वर आलो, आणि सरकारी नोकरीत कोणी सहसा करीत नाही ती गोष्ट केली: आरोप कबूल केला. "मुद्दामच पडलो," मी म्हणालो. पोरांत कौतुकाची एक कुजबुज पसरली, आणि मी जाऊन बाकावर आमच्या मंडळींच्या शेजारी पूर्ण दोन मिनिटे, ३० वर्षांच्या सरावाने, निर्दोष बसलो. तिने काही विचारले नाही. फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा दिनदर्शिकेवरची नोंद पाहिली. 'दूध १ लि., पडले ६, पैकी मुद्दाम १.'

दुसऱ्यांच्या हिशेबातील खोट्या रकमा शोधण्यात माझी हयात गेली आहे. त्या नोंदीला मी हरकत घेतली नाही.