चुंबकावर रोलर कोस्टर पळवण्याची कृती

सर्वप्रथम साखळी मोडीत काढावी. खडखड करत गाडी टेकाडावर नेणारी साखळी बसणाऱ्याला पश्चात्तापाला फार वेळ देते. चुंबकाच्या गाडीत ही सवलत नाही.

फ्रिजवरचे चुंबक गोळा करू नयेत. ते लाईटबिल धरून ठेवण्यापुरतेच. निओडिमियमचे भक्कम चुंबक आणावेत आणि हाताळताना बोटे सांभाळावीत, दोघांच्या मध्ये सापडली तर सुटणे कठीण. हे चुंबक गाडीच्या पोटाखाली उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे ओळीने बसवावेत. मग एक मोटर घेऊन उभी चिरावी आणि तिची तांब्याची वेटोळी रुळालगत सरळ अंथरावीत. चुंबक आणि वेटोळी यांच्यात काही मिलिमीटरचीच फट ठेवावी.

आता वीज सोडावी. पुढच्या वेटोळ्याने ओढावे, मागच्याने ढकलावे. गर्दीच्या लोकलमध्ये चढणाऱ्याला हे तत्त्व शिकवावे लागत नाही: आतला हात धरतो, मागचे लोटतात, आपण फक्त अंग सैल सोडायचे. इथे मात्र चुंबक वेटोळ्यावरून पुढे सरकताक्षणी वेटोळ्याचा ध्रुव उलटवावा लागतो, नाहीतर ज्याने पुढे ओढले तोच मागे खेचू लागतो. हे काम सेन्सर आणि संगणकावर सोपवावे, मेहुण्यावर नाही.

चुंबक परवडत नसतील तर गाडीला ॲल्युमिनियमची पट्टी लावावी. वेटोळ्यांतले बदलते चुंबकत्व पट्टीतच वीज निर्माण करते आणि तिला पुढे रेटते. 1996 साली ओहायोतल्या किंग्ज आयलंड या करमणूक उद्यानात ‘फ्लाइट ऑफ फिअर’ हे रोलर कोस्टर असेच सुटले: अंधाऱ्या इमारतीत, सुमारे चार सेकंदांत ताशी 87 किलोमीटर. कॅलिफोर्नियातल्या ‘सुपरमॅन: द एस्केप’ने चुंबकवाली पद्धत धरली आणि सात सेकंदांत ताशी 160 गाठले. मात्र 1996 चा वायदा होता, उघडले 1997 च्या मार्चमध्ये. तेव्हा नातेवाइकांना आमंत्रणे देण्याची घाई करू नये.

ब्रेकला वीज अजिबात देऊ नये. ही या कृतीतली सगळ्यात सुंदर पायरी आहे. दोन चुंबकांच्या फटीतून तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी वेगाने गेली की तिच्यात विजेचे भोवरे उठतात, आणि ते ज्या गतीतून जन्मले तिलाच विरोध करतात. भौतिकशास्त्रज्ञ लेंझने हे 1834 मध्येच सांगून ठेवले आहे. काही घासत नाही, किंचाळत नाही. खोड एकच: वेग संपला की विरोधही संपतो, त्यामुळे हा ब्रेक गाडीचा वेग कमी करतो पण तिला जागेवर धरून ठेवत नाही. त्यासाठी शेवटी घासणारा साधा ब्रेक लावावाच.

उंच मनोऱ्याची हौस असेल तर सुरुवातीच्या रुळावर खालीवर होणाऱ्या ब्रेक-पट्ट्या बसवाव्यात. सुटण्याआधी त्या खाली बसतात, गाडी गेली की उठून उभ्या राहतात. गाडी शिखराशी पोचता पोचता दमून उलटी आली तर अलगद झेलतात. ओहायोच्या ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’वर अशी उलटी फेरी आपल्या नशिबी यावी म्हणून हौशी मंडळी आस लावून बसत. तिथे ढकलायला हायड्रॉलिक यंत्र होते, पण झेलायला चुंबकच.

पैसे कमी पडले तर मनोरा बुटका करावा, पट्ट्यांत काटकसर करू नये. लाईट गेली तर गाडी सुटत नाही आणि सुटलेली असेल तर ब्रेक तरीही लागतो. महावितरणची वेगळी परवानगी त्याला लागत नाही.