काळा कोट आणि देशपांडेकाका

"काकू, मघाशी तुमच्याकडे काळा कोट घालून कोण आलं होतं? मी बघत नव्हते हं, कपडे वाळत घालत होते. गल्लीत मात्र सुरू झालंय, देशपांडे घर बिल्डरला देतायत म्हणून."

"देतायत! या गल्लीला पाहुणा दिसला की सोयरीक आणि वकील दिसला की वाटणी. नोटरी होते ते. ह्यांचं लिव्हिंग विल करायचंय."

"अगंबाई! काका बरे आहेत ना? कालच भाजीवाल्याशी भांडत होते."

"ठणठणीत आहेत, म्हणून तर. पुढे कधी बरं व्हायची आशा नाही, बोलताही येत नाही अशी वेळ आली, तर व्हेंटिलेटर लावायचा का, नळीने भरवत राहायचं का, ते धडधाकट असताना लिहून ठेवायचं. ज्येष्ठ नागरिक संघात डॉक्टरीणबाईंचं व्याख्यान झालं. निम्मे लोक 'अभद्र बोलू नका' म्हणत चहाला उठले. हे पुढच्या खुर्चीत जाऊन बसले."

"म्हणजे ते इंजेक्शन देऊन...?"

"छे गं, तो गुन्हाच. उगाच लांबवायचं नाही, एवढंच. वेदनेवरची औषधं चालूच. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली नर्स अरुणा शानभाग आठवते? १९७३ मध्ये अत्याचार झाला, २०१५ मध्ये गेली. जवळजवळ ४२ वर्षं भान हरपून पडून! तिचं भरवणं थांबवा म्हणून पत्रकार पिंकी विराणी सुप्रीम कोर्टात गेल्या, तर तिथल्या नर्सच आडव्या आल्या, आम्ही सांभाळतो म्हणाल्या. सांभाळलंही हो, मानलं पाहिजे. पण तिला काय हवं होतं, हे तिला कोण विचारणार? २०१८ मध्ये कोर्टाने असा कागद मान्य केला, पण त्यावर मॅजिस्ट्रेटची सही हवी. कोण जातंय तिथे! २०२३ मध्ये नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालेल असं झालं. पुढच्या वर्षी गोव्यात हायकोर्टाच्या न्यायमूर्ती सोनकांनी स्वतःचं केलं."

"आणि कागद दाखवला की नळ्या काढल्या? एखादी सून घाई करायची हो."

"सुना बऱ्या सापडतात तुम्हाला! आधी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचं एक मंडळ बघतं, मग दुसरं, त्यात बाहेरून नेमलेला डॉक्टर. दोघांचं जुळलं तरच, तेही मॅजिस्ट्रेटला कळवून. आमच्याकडे रामायण झालं ते नावावरून. आपल्या वतीने हो-नाही सांगणारं माणूस लिहायचं असतं. ह्यांनी धाकट्या सुनेचं लिहिलं."

"थोरल्याचं नाही?"

"न्यूजर्सीहून फोन. 'बाबा, मी मुलगा ना?' हे म्हणाले, 'तू विमानातून उतरून म्हणशील, पैशाकडे बघू नका, सगळं करा. आजीच्या आजारपणात हिला बघितलंय मी. रडते, पण डॉक्टरांना नेमकं विचारते आणि ऐकून घेते.' एकाहून जास्त नावं चालतात, म्हणून मग त्याचंही घातलं. मी म्हटलं, उद्या दोघांची तोंडं दोन दिशांना झाली तर कागद काय चाटायचा? तेव्हा दोघांना व्हिडिओ कॉलवर बसवून हे बोलत राहिले. इतकं जन्मात माझ्याशी बोलले नाहीत! मला वाटायचं, ह्यांना दुखण्याची धास्ती. तर नाही, आयसीयूत दाराबाहेर आपण आणि आत ते एकटे, त्याची धास्ती. कागदावर हे कुठे येतं?"

"आणि तुमचं?"

"मला नातीच्या लग्नापर्यंत सगळ्या नळ्या लावा बाई! पुढचं पुढे. मत बदललं तर लेखी रद्द करता येतं म्हणे. बरं, तुझ्याकडे काम होतं. साक्षीदार दोन लागतात, शक्यतो घरचे नकोत. उद्या अकराला आधार कार्ड घेऊन ये. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायचीय."

"येते की. दुसरं कोण?"

"समोरचे काळे."

"काळे? पार्किंगवरून काकांशी बोलत नाहीत ते!"

"तेच म्हटलं मी. तर हे म्हणतात, बघच तू, या कागदावर सगळ्यात आधी तोच सही करील."